वाकलेला माणूस

कुत्र्यांच्या बाबतीत माझं मत बदललं, हे वलगावात चारचौघांत सांगायला मी अजून कचरतो. सत्तरीत माणसानं मोतीबिंदू काढावा, फार तर गुडघा बदलावा. मत कशाला बदलायचं, असं आमच्या पारावरच्या मंडळींचं म्हणणं. त्यातून मी ढोरांचा डॉक्टर. म्हणजे डॉक्टर नव्हेच, पशुधन पर्यवेक्षक. भातकुली, दर्यापूर, चांदूर बाजार या बाजूला एकतीस वर्षं काढली. पण शेतकऱ्याला तो फरक कशाला हवा? घटसर्प-फऱ्याची लस टोचतो, अडलेली गाय मोकळी करतो, तो डॉक्टर. या एकतीस वर्षांत किती कुत्र्यांवर इलाज केला, असं कोणी विचारलं तर दोन हातांची बोटं पुरतील. किती मारली, असं विचारलं तर त्याचाही आकडा माझ्यापाशी आहे. तो सांगायचा म्हणूनच लिहायला बसलो, पण आधी रोमानियाकडून फिरून यावं लागेल.

माझी मुलगी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते. २०२३ च्या दिवाळीत फोनवर चकल्या बिघडल्याचं बोलणं चाललं असताना मध्येच म्हणाली, "बाबा, आम्ही एक कुत्री दत्तक घेतोय."

"कोणत्या जातीची?"

"जात नाही. रस्त्यावरची आहे. रोमानियाची."

यावर मी जे बोललो त्याची नक्कल बायको अजून पाहुण्यांपुढे करून दाखवते. "रोमानियाची काहून वं? आपल्या पेढी नदीच्या पुलावर पंधरा पडले आहेत. त्यातलं ने एखादं. तिकिटाचे पैसे मी देतो!"

"मग तुम्हीच ठेवा ना बाबा त्यातलं एखादं," ती म्हणाली. मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोलू.

त्याच सुमाराला पेपरात वाराणसीची बातमी आली होती. जया नावाची एक रस्त्यावरची कुत्री, तिथं फिरायला आलेल्या एका डच बाईंनी दत्तक घेतली, आणि तिच्या कागदपत्रांसाठी स्वतःचा भारतातला मुक्काम सहा महिने लांबवला. कुत्रीचा पासपोर्ट हातात धरलेला फोटोही होता. मी ते कात्रण मुलीला पाठवलं. खाली लिहिलं: हॉलंडची बाई काशीहून कुत्री नेते, आणि वलगावची पोट्टी हॉलंडात राहून रोमानियाहून आणते. शाबास.

तिचं उत्तर मात्र माझ्याच धंद्याच्या भाषेत आलं. भारतातून युरोपात कुत्रं न्यायचं तर आधी पंधरा आकडी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग तीस दिवस थांबून रक्त काढायचं, ते युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ युनिट भरलं पाहिजे, आणि एवढं झाल्यावर रक्त काढलेल्या दिवसापासून आणखी तीन महिने वाट पाहायची. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र. रोमानिया युरोपीय संघातलाच देश, म्हणून तिथल्या कुत्रीला चिप, लस, लसीनंतर एकवीस दिवस, एक निळी पासपोर्ट-वही आणि निघताना सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र एवढंच लागतं. तिथून व्हॅन निघते, दोन दिवसांत हॉलंडात. "मला सहा महिन्यांची सुट्टी कोण देणार, बाबा?"

यात चूक काढायला मला जागा नव्हती. तीन महिने का थांबवतात ते मला माहीत होतं. रेबीजचा विषाणू अंगात शिरल्यावर आठवडे, कधी महिने दबा धरून बसतो. प्रतिपिंडं लसीची आहेत की आजाराची, हे वेळच सांगते. २०१२ साली मोरोक्कोहून नेदरलँड्समध्ये आणलेलं एक पिल्लू पिसाळलेलं निघालं होतं आणि त्याच्या संपर्कात आलेल्या माणसांना शोधून शोधून लस द्यावी लागली होती. कॅनडानं तर २८ सप्टेंबर २०२२ पासून भारतासह शंभरावर देशांतून विक्रीसाठी वा दत्तक देण्यासाठी आणल्या जाणाऱ्या कुत्र्यांना दारच बंद केलं. आपल्या घरचं पाळीव कुत्रं सोबत नेता येतं, पण 'इथलं उचललं, तिथं कोणाला दिलं' हे चालत नाही. टोरांटोतल्या आमच्या भाच्याला अकोल्याच्या एका प्राणिमित्रानं दोन पिल्लं देऊ केली होती, ती त्यामुळेच राहिली. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून नियम आणखी आवळले. मला यांतल्या कशाचाच राग नाही. उलट कोणीतरी रेबीजला घाबरतं आहे, याचं बरंच वाटतं.

पण नियम समजणं वेगळं आणि डोक्यातली तिडीक जाणं वेगळं. दत्तक-फी साडेचारशे युरो. चाळीस हजार रुपये! एवढ्यात दावणीला बरी गावरान गाय येते. शिवाय पूर्व युरोपातून येणाऱ्या कुत्र्यांत ब्रुसेला सापडतो, हृदयातले जंत सापडतात, गोचिडांमुळे होणारे ताप सापडतात, हे मी वाचून काढलं आणि मुलीला रोज एक लिंक पाठवू लागलो. ब्रुसेला म्हणजे काय, हे गाभडलेल्या गाई पाहिलेल्या माणसानं सांगावं. तिनं शांतपणे उत्तर दिलं, सगळ्या तपासण्या झाल्या आहेत, आणि खाली रिपोर्टचा फोटो. मी तो मोठा करून पाहिला. नीट होता. त्याचाही राग आला.

खरं सांगायचं तर मला कशाचा राग होता हे मलाच कळत नव्हतं. अमरावतीत आपले लोक हस्की घेतात, सेंट बर्नार्ड घेतात, पंचेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात त्याला एसीत कोंडतात आणि वीजबिल आलं की बायपासला सोडून येतात. पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्री आणायला २०१६ साली बंदी घातली गेली, तरी इथंच जन्मलेल्या पिल्लांचा बाजार जोरात आहे. त्या लोकांना मी कधी एक शब्द बोललो नाही. बोललो तो फक्त मुलीला, कारण तिनं फुकट हिंडणाऱ्या, बिनजातीच्या कुत्रीसाठी पैसे मोजले. जातिवंत असती तर कदाचित मी गावभर फोटो दाखवला असता.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघं आइंडहोवनला गेलो. बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिलला सुरू झालं होतं. बडनेऱ्याला रात्री प्लॅटफॉर्मवर बसून गाड्या पकडलेल्या माझ्यासारख्याला घरापासून अर्ध्या-पाऊण तासात विमानात बसणं म्हणजे थट्टाच वाटली. असो.

कुत्रीचं नाव लूना. आमच्या पिढीला लूना म्हणजे पायडल मारायची मोपेड. मी ते बोलून दाखवलं, कोणाला कळलं नाही. दार उघडलं तेव्हा ती बैठकीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात उभी होती. बदामी रंग, छातीवर पांढरा पट्टा, शेपूट वर वळलेलं, एका कानाचं टोक तुटकं. मी बायकोकडे पाहिलं. तीही तेच पाहत होती. "अवो, हे त आपल्या पुलावरचंच हाय," ती म्हणाली. दोन हजार किलोमीटर व्हॅनमधून आलेलं ते कुत्रं वलगावच्या मटणाच्या दुकानापुढं बसवलं असतं तर कोणी मान वळवून पाहिलं नसतं.

बायकोच्या हातून ती दुसऱ्या दिवशी खायला लागली. माझ्यापासून मात्र चार हात लांब. मी म्हटलं, बरंच आहे.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी नातवाबरोबर फिरायला निघालो. परदेशासाठी म्हणून नाडीचे बूट घेतले होते. जन्मभर चप्पल, नाहीतर गमबूट. नाडीची सवय नाही. दारात उभ्या उभ्या ती सुटलेली दिसली म्हणून मी खाली वाकलो.

लूना किंचाळली. कोणी मारल्यावर कुत्रं केकाटतं तशी, आणि मी तिला हातही लावला नव्हता. घसरत, नखं फरशीवर ओरबाडत ती जेवणाच्या टेबलाखाली गेली आणि तिथं तिनं मुतून टाकलं. मी नाडी हातात धरून तसाच वाकलेला.

नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही खुर्चीवर बसून बांधा ना. वाकलेले पुरुष तिला आवडत नाहीत." एवढं सहज, जसं कोणाला वांगं चालत नाही. मुलीनं काही न बोलता पोछा आणला. फरशी पुसताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिलाही तेच आठवतंय.

आमच्याकडे रात्री कुत्री अंगावर आली तर काय करायचं, हे प्रत्येक पोराला बोलता यायच्या आधी शिकवतात. पळायचं नाही. खाली वाकायचं, दगड उचलल्यासारखं करायचं. दगड नसला तरी चालतो. डांबरी रस्ता असो, फरशी असो, नुसता हात जमिनीकडे गेला की कुत्रं मागं सरतं. माझी मुलगी वलगावहून अमरावतीला सायकलनं शाळेत जायची तेव्हा हे मीच तिला शिकवलं होतं, पुलावर उभं करून, दोनदा करून दाखवलं होतं. ही युक्ती हमखास लागू का पडते, हा विचार मात्र मी कधी केला नाही. लागू पडते याचा अर्थ आधी कोणीतरी खरोखर दगड मारलेला असतो. एकदा नाही, अनेकदा, अनेकांनी.

रोमानियातल्या कुठल्या तरी गावात कोणी तरी वाकलं होतं. त्याला वलगाव ठाऊक नाही, मला त्याचं गाव ठाऊक नाही. पण कुत्रीला आम्ही दोघं एकच माणूस वाटलो. त्यात तिची काही चूक झाली, असं मला म्हणता येईना.

त्या रात्री मी जावयाकडून रोमानियाची हकिकत ऐकली आणि पुढचे काही दिवस स्वतः वाचली. ऐंशीच्या दशकात चाउशेस्कूच्या राजवटीनं बुखारेस्टमधल्या जुन्या घरांच्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या आणि माणसांना उंच इमारतींमध्ये नेऊन ठेवलं. अंगणं गेली. अंगणातली कुत्री रस्त्यावर आली आणि तिथंच वाढली. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अप्पर वर्धा धरणासाठी मोर्शीकडची गावं उठली तेव्हा मी त्या भागात गेलो होतो. माणसांनी पत्रे, दारं, तुळशीवृंदावनंसुद्धा उचलून नेली. पडक्या ओट्यांवर कुत्री बसून होती, रस्त्याकडे तोंड करून.

मग सप्टेंबर २०१३ मध्ये बुखारेस्टला चार वर्षांच्या एका मुलाचा कुत्र्यांनी जीव घेतला. देश खवळला, आणि त्याच महिन्यात तिथल्या संसदेनं कायदा केला की पकडलेल्या कुत्र्याला कामकाजाच्या चौदा दिवसांत कोणी नेलं नाही, तर त्याला मारता येईल. पश्चिमेकडे जाणाऱ्या व्हॅन ज्या भरतात त्या या चौदा दिवसांच्या भीतीनं. साडेचारशे युरो कशाचे, हे मला तेव्हा कळलं. चिपचे, लसीचे, डिझेलचे आणि पंधराव्या दिवसाचे.

चौदा हा आकडा माझ्याही पोटात आहे.

१९८६ च्या उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या एका गावी बैल पाहायला बोलावणं आलं. बैल घोगरा हंबरत होता, तोंडातून लाळेची तार, हौदावर नेला तरी पाणी गिळवेना. मालक म्हणाला, गळ्यात काही तरी अटकलं जी. मी बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला. काहीच अटकलेलं नव्हतं. पिसाळलेल्या जनावराच्या घशाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून ते गिळू शकत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं काही तरी अडकलं. हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तरी घातला. तिसऱ्या दिवशी बैल मेला, आणि मग मालकाला आठवलं की दीड महिन्यापूर्वी एक कुत्रं गोठ्यात शिरलं होतं. तेव्हाची लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. अमरावतीला इर्विन दवाखान्यात रोज एक, पोटात, चौदा दिवस. आज दंडाला चार-पाच टोचण्यांत काम होतं. ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झाली. मला एसटीनं घरी येताना पोटावरचा शर्ट सहन होत नसे. त्या चौदा दिवसांत कुत्र्यांविषयी जे मनात भरलं ते पुढं अडतीस-एकोणचाळीस वर्षं टिकलं.

दोन वर्षांनी आमच्या वस्तीजवळच्या एका पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं, चुना लावला, एका भगताकडून दोरा आणला. साबण आणि वाहतं पाणी लावून पंधरा मिनिटं जखम धुवायला हवी होती आणि लगेच दवाखाना गाठायला हवा होता. हे सांगणारा माणूस तीन घरं सोडून राहत होता. तो माणूस मी. मला कोणी विचारलं नाही आणि मीही जाऊन सांगितलं नाही. म्हटलं, गेले असतील दवाखान्यात. पोराला पाणी दाखवलं की त्याचा गळा आवळायचा, हे मी खिडकीतून पाहिलं. त्या पोराबद्दल याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

तो गेल्यावर आठवड्याभरात आम्ही चौघांनी कुत्र्यांना विष घातलं. कुठलं ते लिहीत नाही. ते कसं, किती, कशातून द्यायचं हे मलाच ठाऊक होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. सकाळपर्यंत नऊ कुत्री मेली. आठ बेवारस. नववं शेजारच्या एका विधवा बाईंचं होतं. दाराशी बांधलेलं असायचं, त्या रात्री कसं सुटलं कोण जाणे. उजाडता उजाडता ती त्याला पदरात उचलून आमच्याच दारी आली. "डाक्टरसायेब, पाहा न जी याले का झालं." मी पापणी उघडून पाहिली, छातीला कान लावल्यासारखं केलं, आणि सांगितलं, "साप चावला असंल, बाई."

तिनं मला चार आणे देऊ केले. ते मी घेतले नाहीत, याचंच मला त्या काळी मोठेपण वाटलं होतं.

ती बाई आता नाही. ती असताना हे सांगायला माझ्याजवळ पंचवीस वर्षं होती.

आणि ज्यासाठी हे केलं ते तरी साधलं का? पंधरा-वीस दिवसांत नदीपलीकडून नवी कुत्री आली. उकिरडा तोच, मटणाच्या दुकानामागची घाण तीच. जागा रिकामी, अन्न मुबलक. जुनी निदान माणसांना ओळखत होती, ही ओळखत नव्हती. त्या पावसाळ्यात चावे वाढले. कुत्री मारून रेबीज आटोक्यात येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९२ च्या अहवालात लिहिलं. मला ते त्याआधी चार वर्षं दिसलेलं होतं. दिसलं आणि मी ते कोणाला बोललो नाही, कारण बोललो असतो तर नऊ कुत्र्यांचं काय, हे स्वतःला विचारावं लागलं असतं.

वलगाव म्हटलं की लोकांना गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे नेत असताना याच पेढीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. देवापुढं बकरं-कोंबडं कापू नका म्हणून जन्मभर ओरडलेला माणूस. त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय देण्याचं एक कलम आहे. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर तो तक्ता होता. मी त्याखाली बसून रजिस्टर भरायचो. एवढं लिहून पुढं जातो, कारण बाबांचं नाव घेऊन स्वतःची शरम धुवायची सवय आमच्या जिल्ह्यात फार आहे.

भारतात मोकाट कुत्री किती? २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भरली, त्यातली पावणेतेरा लाख महाराष्ट्रात. मुलीनं लूना घेतली तेव्हा हा आकडा मी तिच्या तोंडावर फेकला होता: एवढ्यांपैकी तू एक तरी नेलीस का? आता त्या प्रश्नाकडे पाहिलं की वाटतं, तो चुकीच्या माणसाला विचारला. विमानानं कुत्री नेऊन हा आकडा हलणार नाही, हे तिला आधीच माहीत होतं. तिनं जगाचा प्रश्न सोडवायला घेतलाच नव्हता. एक कुत्री घेतली होती. प्रश्न सोडवायचं साहित्य तर माझ्या खोलीत होतं. एकतीस वर्षं बर्फाचा डबा माझा, सिरिंज माझी, हात माझा. एखाद्या भागातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस दिली की रेबीजची साखळी तुटते, हे आमच्या खात्यातल्या शिपायालाही ठाऊक. मी गाईंना टोचत राहिलो आणि त्याच गोठ्याच्या दारात बसलेल्या कुत्र्याला लाथ मारत राहिलो. कुत्र्याला टोचा असं मला कोणी सांगितलं नव्हतं, ही सबब खरी आहे. विष घाला असंही कोणी सांगितलं नव्हतं.

आइंडहोवनहून आम्ही परत आलो आणि दोनच दिवसांत, ११ ऑगस्टला, दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पारावर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी करा, लस द्या आणि पिसाळलेली वा आक्रमक सोडून बाकीची जिथून उचलली तिथंच सोडा. तेव्हा पारावर शिव्या. मंडळींनी माझ्याकडे पाहिलं, कारण अशा वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा. मी म्हटलं, दुसराच बरोबर आहे. "पोरीकडं जाऊन आला न, म्हून," एक जण म्हणाला. हसले सगळे. मी का म्हणतो ते सांगायला नऊ कुत्र्यांपासून सुरुवात करावी लागली असती. त्या चौघांतला एक समोरच बसला होता.

मी कुत्र्यांचा प्रेमी झालेलो नाही. लूनानं तीन महिन्यांत एकदाही माझ्या हातून काही खाल्लं नाही, आणि मीही तिच्यासाठी रडलो नाही. रात्री पारले-जीचा पुडा फोडून कुत्र्यांपुढं टाकतात, फोटो काढतात आणि लसीचं नाव काढलं की खर्च सांगतात, त्या लोकांचा मला अजून राग येतो. पोराला चावलेलं कुत्रं माझ्या लेखी आधी धोका आहे, मग प्राणी. परदेशातल्या आपल्या लोकांनी इथलं एखादं कुत्रं न्यायचं ठरवलं तर न्यावं. मी आता कात्रणं पाठवणार नाही, उलट चिप आधी आणि लस नंतर, हा क्रम चुकवू नका एवढं सांगेन, कारण तो चुकला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

२८ सप्टेंबर हा लुई पाश्चरचा मृत्युदिन. जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. २०२५ साली त्या दिवशी रविवार होता. अमरावतीची एक तरुण पशुवैद्यक पोरगी स्वतःच्या स्कूटरवर लसीचा डबा घेऊन आली. मासोळी धरणाऱ्या एका भावाचं जाळं, दोन कॉलेजची पोरं, आमच्या घरची पोळी आणि मटणाच्या दुकानातली छाट. सिरिंज धरून एका कुत्र्यामागं शंभर रुपयांच्या आसपास पडले. पैसे मुलीनं पाठवायची भाषा केली, मी नको म्हटलं. बायको ओट्यावरून पाहत होती, म्हणाली, "आता काहून जी? नोकरीत असताना त कधी..." आणि अर्ध्यात थांबली.

दुपारी बारापर्यंत पुलाच्या या बाजूची अकरा झाली. टोचलेल्या कुत्र्यांच्या कपाळावर पोरं निळा रंग लावत होती. बारावी एक काळी, नुकतीच व्यालेली, बाभळीखाली तिची चार पिल्लं. जाळ्याजवळ आली, पोळी उचलली. मी जाळ्याची दोरी धरायला वाकलो आणि ती पळाली.

तिला अजून टोचायचं राहिलं आहे. पुढच्या रविवारी मी जाळ्यापासून लांब, ओट्यावर बसून राहणार आहे. दोरी पोरगी धरेल.